शेवटच्या ओळीतलं नाव

संध्याकाळचा गायनवर्ग सुटला की शुभदा पेटीवर कापड टाकायची, बाबांसाठी चहा ठेवायची आणि फोन खिडकीच्या गजाला टेकवून आईचा आवाज लावायची. आईला जाऊन अजून वर्ष व्हायचं होतं. गंगाखेडच्या त्या लहानशा घरात बापलेकीचा एवढा एकच नेम उरला होता, ज्यासाठी दोघांना एकमेकांशी काही बोलावं लागत नसे.

आवाज म्हणजे एक पाळणा. आईनं, रुख्मिणीबाईंनी, स्वतः रचलेला. स्वयंपाकघरात शेंगा सोलता सोलता तिनं तो म्हटला होता आणि शुभदानं सहज फोन समोर धरला होता.

वाऱ्या, हळू टाक पाय, लेकरू निजलं,
मुठीमंदी त्याच्या आभाळ मिटलं.

एवढं होतं आणि कुकरची शिट्टी वाजते. आई थांबते, "बंद कर गं तो," म्हणते आणि जिथं सोडलं होतं तिथूनच पुढं म्हणायला लागते. शेवटच्या दोन ओळींत तिचं नाव येतं:

रुख्मिण म्हणे बाई, जागी मी राहीन,
शिकून येशील, तवाच निजीन.

शुभदाचा जुना फोन बिघडला तेव्हा त्यातलं सगळंच गेलं. हा पाळणा तेवढा राहिला, कारण तिनं तो वर्गाच्या चॅनलवर आधीच टाकून ठेवला होता. तिथं तो फार कुणी ऐकत नसे. ऐकणारे दोघं घरातच होते.

त्या दिवशी फोन गजाला टेकवला, पण आवाज आला नाही. काळ्या पडद्यावर दोन ओळी होत्या. स्वामित्वहक्काच्या तक्रारीमुळे हा व्हिडिओ काढून टाकण्यात आला आहे. अशा तक्रारी पुन्हा आल्या तर चॅनल बंद होऊ शकतं.

"लाव ना शुभा," बाबा म्हणाले. त्यांच्या हातातल्या चहावर साय धरली होती.

"लागत नाहीये बाबा."

"नेट गेलं का?"

शुभदानं पडदा खाली सरकवला. तक्रार करणाऱ्याचं नाव खाली होतं: परभणीचा एक स्टुडिओ. तिनं त्या स्टुडिओचं पान उघडलं. पहिलाच व्हिडिओ सुरू झाला. मागं बासरी, संबळ, कसलं तरी धुकं आणि समोर हिरव्या साडीत एक मुलगी. "वाऱ्या, हळू टाक पाय..."

मुलगी तिच्याच वर्गातली होती. शिवानी! मोंढ्यातल्या भुसार दुकानदाराची लेक, तीन वर्षांपासून तिच्याकडे शिकणारी, गोड गळ्याची शिवानी. खाली लिहिलं होतं: गीत व संगीत शिवानी, सर्व हक्क राखीव. आणि शेवटच्या ओळीत, जिथं आईचं नाव होतं, तिथं ती गात होती, "उमा म्हणे बाई, जागी मी राहीन."

बाबांनी ते ऐकलं. कप खाली ठेवला. "हे कुणाच्या आवाजात हाय?" एवढंच विचारलं.

शुभदानं तिथल्या तिथं फोन लावला.

"शिवानी, हा पाळणा तू कुठून घेतलास?"

"कुठून म्हणजे? आमच्या घरचाय मॅडम. मम्मी म्हणायची मला लहानपणी."

"आणि गीत-संगीत म्हणून तुझं नाव?"

पलीकडे थोडी कुजबुज झाली. "थांबा मॅडम, काका इथंच हायेत. तेच बघतात ते सगळं."

काका म्हणजे राजेश्वर. परभणीत त्यांचा लग्नाच्या शूटिंगचा स्टुडिओ होता. त्यांनी आवाजात साखर घालून विचारलं, "बोला मॅडम, काय अडचण?"

"तुम्ही माझ्या आईच्या आवाजातला पाळणा बंद पाडलाय. तो तिनं रचलाय."

"बरं. गाण्यात तुमच्या आईचं नाव हाय का?"

"आहे ना! शेवटच्या ओळीत. रुख्मिण म्हणे."

"आमच्यात उमा म्हणे हाय. उमादेवी, आमच्या वहिनी. शिवानी झाली तवापासून त्या हेच म्हणायलेत. आता तुमीच सांगा, कुणी कुणाचं नाव काढून आपलं घातलं?" ते हसले. "अन् तुमच्या व्हिडिओत तर मागं कुकर वाजायलाय, मॅडम. आमी साज लावून, खर्च करून गाणं केलंय. रागावू नका, पण हक्क जो सांगतो त्याचा असतो."

शुभदानं फोन ठेवला. आपल्यापैकी कुणीही त्या जागी असतं तर काय केलं असतं? तक्रारीला उत्तर देण्याची सोय त्याच काळ्या पडद्यावर होती. तिथं आपली बाजू मांडता येते. तिला ते ठाऊकही होतं. पण त्याला वेळ लागणार होता आणि राग थांबायला तयार नव्हता. तिनं शिवानीचा फोटो घेतला, शेजारी आईचा व्हिडिओ काढून टाकल्याचा संदेश लावला आणि वर लिहिलं: "गुरूच्या मेलेल्या आईचं गाणं चोरणारी शिष्या. ओळखून ठेवा." वर्गाच्या गटावर, आपल्या स्टेटसला, सगळीकडे टाकलं. पाठवून झाल्यावर छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. ते फार वेळ टिकलं नाही.

दुसऱ्या दिवशी वर्गाला पोरं लवकर आली. सगळ्यांच्या हातात फोन होते. त्रिवेणी सगळ्यांच्या पुढं. तिचे डोळे चमकत होते.

"मॅडम, आमी सोडलं नाही तिला. मी एकटीनंच किती ठिकाणी टाकलं! सोनपेठच्या गटावर, पालमच्या गटावर. बघा, लोक कसे झाडायलेत."

शुभदानं फोन हातात घेतला. चोरटी. निर्लज्ज. हिच्या बापाचं दुकान मोंढ्यात आहे, तिथं जाऊन विचारा. कुणी दुकानाचा फोटो टाकला होता. कुणी शिवानीच्या गळ्यातल्या इष्टलिंगावरून लिहिलं होतं. त्याखाली दुसऱ्या कुणी शुभदाच्या घरावरच्या निळ्या झेंड्याचा विषय काढला होता: "ह्यांना दुसऱ्याचं सगळं आपलंच वाटतं." मग दोन्हीकडून जातीचं निघालं. गाण्याबद्दल खाली एक अक्षर नव्हतं.

"हे कशाला?" शुभदा म्हणाली.

"मॅडम, अद्दल घडायला पाहिजे ना!"

त्या दिवशी तिनं भूप शिकवायला घेतला आणि अर्ध्यात वर्ग सोडला. मागं बसलेली राजेश्री काहीतरी बोलण्यासाठी दारात रेंगाळली होती. शुभदानं तिच्याकडे पाहिलं नाही.

बाबा आतल्या खोलीत बसले होते. सिद्धोधन गुरुजी. जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलेला माणूस. आवाज चढवायचा नाही ही त्यांची सवय.

"शुभा, त्या पोरीला तू चोर म्हणालीस."

"मग काय म्हणू? साव?"

"चोराला पहिली गोष्ट काय विचारतात? माल कुठून आणला. ते विचारलंस?"

"विचारलं की. घरचाय म्हणाली."

"अन् घरात कुठून आला, ते?"

शुभदानं नकारार्थी मान हलवली.

"गाण्यावरून तुझ्या आईचं नाव पुसलं, ते चूकच हाय. त्याची तक्रार करायची जागा असंल, तिथं कर. शंभरदा कर. पण फिर्याद देणं वेगळं अन् चौकात उभं करून लोकांच्या हाती धोंडे देणं वेगळं. तू भिंतीवर लिहिलं असतंस तर मी चुना घेऊन गेलो असतो, पुसलं असतं. हे कसं पुसायचं?"

"बाबा, तुम्हाला आईचं काहीच वाटत नाही का?"

हे बोलायला नको होतं. बाबांनी चष्मा काढला, पंच्याच्या टोकानं पुसला, पुन्हा लावला. "काल रात्री मी आवाजाशिवाय झोपलो," ते म्हणाले. "मला वाटतं म्हणूनच सांगायलोय. तिच्या गाण्यापायी एखाद्या मायच्या लेकराची झोप उडावी, असं तिनं ते रचलं नव्हतं."

शुभदानं स्टेटस काढून टाकलं. गटावरचा मजकूरही पुसला. पण त्याचे स्क्रीनशॉट गावोगावच्या फोनमध्ये जाऊन बसले होते, आणि तिच्या हातात आता काहीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वर्ग नुकताच सुरू झाला होता. पोरांनी सा लावला होता. तेवढ्यात दार जोरात ढकललं गेलं. जरीकाठाची साडी, कपाळावर विभूतीचे पट्टे, आणि चेहरा रात्रभर न झोपलेला. पेटीचा सूर आपोआप थांबला.

"मी उमादेवी. शिवानीची आई." तिनं हातातला फोन शुभदाच्या पुढ्यात पेटीवर आदळला. "वाचा! मोठ्यानं वाचा मॅडम. तुमचे विद्यार्थीच हायेत समोर, त्यांनाबी ऐकू द्या."

"ताई, बसा आधी..."

"बसायला आले न्हाई मी! परवा रातच्यापासून पोरीनं दार लावून घेतलं. पाणी न्हाई, जेवण न्हाई. हाक मारली तर ओ न्हाई. काल आमी कडी तोडली, कडी! तवा ती कोपऱ्यात बसली होती, फोन उराशी धरून, एकेक वाचायली होती." तिचा आवाज फाटला. "माझ्या लेकराला काही झालं असतं तर तुमी तुमचं गाणं घेऊन काय केलं असतं?"

दाराबाहेर शिवानी उभी होती. उन्हात गाडीवर मुली बांधतात तशी ओढणी तिनं तोंडाला बांधली होती. पण ऊन केव्हाच उतरलं होतं.

शुभदा उठून उभी राहिली. तिला माफी मागायची होती, पण तोंडातून आलं ते दुसरंच. "ताई, मी जे केलं ते चुकलं. पण गाणं माझ्या आईचं आहे."

"तुमच्या आईचं?" उमादेवीनं पदर खोचला. "हा पाळणा मला सोनपेठच्या दवाखान्यात मिळाला. शिवानी झाली तवा. पहिलं बाळंतपण, रात्रभर कळा, माझ्या सासूबाई गावाकडं अडकलेल्या. पोरगी झाली अन् रडं थांबंना तिचं. मलाबी रडू यायलं. तवा तिथल्या सिस्टरबाईंनी लेकराला खांद्यावर घेतलं. मला विचारलं, नाव काय गं तुझं? म्हटलं, उमा. अन् त्यांनी म्हटलं..."

ती तिथंच, त्या रागातच, म्हणायला लागली. सूर जरा घसरत होता. पण चाल तीच होती, आईची, शब्दाशब्दाला जरा थांबणारी.

उमा म्हणे बाई, जागी मी राहीन,
शिकून येशील, तवाच निजीन.

"माझ्या नावानं म्हटलं हो त्यांनी! माझ्या! आमच्या घरात कोणी माझं नाव घेऊन गाणं म्हटलं नव्हतं कधी. तेच मी पोरीला म्हणत आले. मी चोरलं व्हय कुणाचं?"

शुभदा पेटीमागून पुढं आली.

"सिस्टरबाईंचं नाव काय होतं?" शुभदानं विचारलं.

"नाव?" उमादेवी अडखळली. "सिस्टर. सगळे सिस्टरच म्हणायचे. नाव कोण विचारतंय?"

शुभदानं आतल्या खोलीचं दार उघडलं. भिंतीवर आईचा फोटो होता. नोकरीतून निवृत्त होताना काढलेला, पांढऱ्या साडीतला. खाली बाबा खुर्चीवर बसले होते. उमादेवी उंबऱ्यापर्यंत गेली आणि थांबली.

"अगं बाई! ह्याच! ह्याच त्या सिस्टर!" तिनं तोंडावर हात नेला. आणि मग फोटोला घातलेला हार तिच्या ध्यानात आला. "कधी गेल्या?"

"मागच्या पावसाळ्यात," बाबा म्हणाले. मग फोटोकडेच बघत, "रात्रपाळी करून यायची तर घसा बसलेला असायचा. मी म्हणायचो, बायांवर इतकं ओरडू नये. हसायची. हे करायची होय तिथं!"

उमादेवी खाली फरशीवरच बसली.

तेवढ्यात मागून बारीक आवाज आला. "मॅडम..." राजेश्री होती. "आमच्या घरी लक्ष्मी म्हणे हाय. माझी मम्मी, लक्ष्मीबाई. मीबी त्याच दवाखान्यात झाले. कालच सांगायला आले होते मी. पण सगळे चोर चोर म्हणायले होते. मग मी कसं म्हणू, आमच्या घरीबी हाच पाळणा हाय म्हणून?"

शुभदानं त्रिवेणीकडे पाहिलं. त्रिवेणीची मान खाली गेली होती.

"आमच्यात मालन म्हणे," त्रिवेणी पुटपुटली. "माझ्या आईचं नाव मालन."

"त्रिवेणी! मग तुला शिवानीचं गाणं ऐकल्यावर कळलं नाही?"

"मी गाणं ऐकलंच नव्हतं मॅडम." ती आता रडायला लागली होती. "तुमी लिहिलेलं वाचलं अन् पुढं पाठवलं. व्हिडिओ उघडलाच न्हाई. उघडला असता तर... आमच्याच घरचं गाणं होतं ते!"

किती जणांनी पुढं पाठवलं होतं, आणि किती जणांनी ते गाणं एकदा तरी ऐकलं होतं? शुभदाला आपलं तोंड लपवावंसं वाटलं. वाजवायच्या आधी सूर लावून घ्या, असं तीच रोज पोरांना सांगत असे.

ती दारात गेली. "शिवानी, आत ये."

शिवानी हलली नाही.

"मी तुझा फोटो टाकायला नको होता. तुला विचारायला हवं होतं, आणि तुझं ऐकून घ्यायला हवं होतं. माझं चुकलं, शिवानी. जिथं जिथं ते टाकलं, तिथं तिथं हेही लिहीन."

शिवानीनं ओढणी सोडली नाही, पण आत आली. आईच्या मागं उभी राहून म्हणाली, "मॅडम, गीत-संगीत मी मुद्दाम न्हाई लिहिलं. टाकताना तिथं रकाना होता. काका म्हणाले, रिकामा ठेवला तर पुढं जात न्हाई. कुणाचं म्हणून विचारलं. मी म्हटलं, माहीत न्हाई. तर म्हणाले, मग तुझंच टाक."

"आणि आईच्या व्हिडिओवर तक्रार?"

"ती मला तुमचा फोन आला तवा कळली."

उमादेवी उठली. तिनं तिथूनच दिराला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा केला.

"भाऊजी, तुमी मॅडमच्या आईचा आवाज बंद केला?"

"वहिनी, ते तसंच असतं. दुसऱ्याचा व्हिडिओ चालू ठेवला तर आपल्या हक्काला काय किंमत राहती? अन् गाण्यात तुमचं नाव हाय, पुरावा हाय."

"माझं नाव ज्यांनी घातलं, त्यांचाच आवाज तुमी बंद केला, भाऊजी! माझ्या नावावर!"

"पण वहिनी, लोक ऐकायलेत, पोरीचं नाव व्हायलंय..."

"कसलं नाव व्हायलंय ते मी कडी तोडून बघितलं. तक्रार मागं घ्या. आज. न्हाईतर मी स्वतः लिहून देते की हे गाणं माझं न्हाई, माझ्या लेकीचंबी न्हाई, अन् तुमी खोटं सांगितलं."

मग राजेश्वर म्हणाले, "बघतो."

"बघू नका. करा." तिनं फोन ठेवला.

त्या दिवशी भूप झाला नाही. शुभदानं पेटी बंद केली आणि पोरांमध्ये जमिनीवर बसली.

"मला एक सांगा. हे गाणं कुणाचं?"

"तुमच्या आईचं," त्रिवेणी म्हणाली.

"आमच्या मम्मीचंबी हाय की मग थोडं," राजेश्री म्हणाली. "तिच्या नावानं म्हटलंय."

"दोन्ही खरं आहे, आणि म्हणूनच घोळ झाला," शुभदा म्हणाली. "माझ्या आईनं हे गाणं प्रत्येक बाळंतिणीला म्हणायला दिलं. म्हणा, लेकरांना झोपवा, आपलं नाव घाला. त्यासाठी तिची काही अट नव्हती. पण म्हणायला देणं म्हणजे मालकी देणं नव्हे. शेजारणीनं जातं दळायला दिलं तर आपण दळून आणतो. जात्यावर आपलं नाव कोरून शेजारणीलाच दळायची बंदी करत नाही. कायदाही तेच सांगतो. गाणं रचलं की त्याच क्षणी रचणाऱ्याचा हक्क जन्मतो. कुठं नोंद केली नाही म्हणून तो जात नाही, माणूस गेला म्हणूनही लगेच जात नाही. त्यानंतर साठ वर्षं तो त्याच्या वारसांकडे राहतो."

"मग शिवानीचं त्यात काहीच न्हाई?" कुणीतरी विचारलं.

"आहे ना. तिचा आवाज तिचा आहे. तो कुणी न विचारता उचलला तर मी तिच्या बाजूनं भांडेन. शब्द आणि चाल रुख्मिणीबाईंची, आवाज शिवानीचा. ज्याचं जेवढं, तेवढं त्याच्या नावावर."

"अन् माहीतच नसंल कुणाचं ते?" शिवानीनं पहिल्यांदाच नीट मान वर केली. "रकाना तर भरावाच लागतो."

"मग खरं तेच भर. रचनाकार माहीत नाही, शोध चालू आहे, कुणाला ठाऊक असेल तर कळवा. आपलं नाव टाकायचं नाही आणि पारंपरिक असंही उगाच लिहायचं नाही. खेड्यापाड्यातली गाणी काय झाडाला लागतात? कुणीतरी बाई कुठंतरी बसून ती रचते. आपण तिला सिस्टर म्हणतो, मावशी म्हणतो, आणि नाव विचारत नाही."

पुढचं तिला स्वतःलाच ऐकवायचं होतं.

"आणि हक्क मागायचीही रीत असते. माझा हक्क खरा होता, पण मी तो मागितला गर्दी जमवून. त्या गर्दीनं शिवानीला घेरलं आणि राजेश्रीचं तोंड बंद केलं. खरं काय ते हिच्या तोंडात कालच होतं. आपल्याच आरडाओरड्यात ते कुणाला ऐकू आलं नाही."

त्या संध्याकाळी शुभदानं सगळीकडे लिहिलं. फोटो नाही, विशेषण नाही. "शिवानीला मी चोर म्हटलं ते चूक होतं. माझा मजकूर ज्यांच्याकडे असेल त्यांनी तो काढून टाकावा आणि पुढं पाठवू नये." त्रिवेणीनं सोनपेठच्या आणि पालमच्या गटावर स्वतः तेच टाकलं, खाली आपलं नाव घालून. काहींनी मजकूर काढला. काहींनी हसण्याची चिन्हं टाकली. मोंढ्यातल्या दुकानावर त्यानंतरही काही दिवस टोमणे येत राहिले. सुटलेला शब्द परत बोलावला तरी पूर्ण परत येत नाही. तो जिथं लागायचा तिथं लागून गेलेला असतो.

राजेश्वरांनी तक्रार मागं घेतली. लगेच नाही, उमादेवीला परभणीला जाऊन यावं लागलं. शिवानीच्या व्हिडिओखालची ओळ बदलली: शब्द आणि चाल रुख्मिणी सिद्धोधन खिल्लारे, परिचारिका. आवाज शिवानी. त्याखाली मग लोक लिहायला लागले. आमच्याकडे कुसुम म्हणे आहे. आमच्याकडे अनुसया. वालूरला दिलेल्या एका लेकीनं लिहिलं, "सिस्टरचं नाव आज कळलं."

शिवानी वर्गात परत आली, पण बऱ्याच दिवसांनी. पहिल्या दिवशी ती दाराजवळच बसली. त्रिवेणी उठली आणि काही न बोलता तिच्या शेजारी जाऊन बसली. शुभदानं पेटी पुढं ओढली.

"आज पाळणा शिकू."

वाऱ्यापासून आभाळापर्यंत सगळं नीट बसलं. शेवटची ओळ आली तशी शिवानी थांबली.

"मॅडम, इथं रुख्मिण म्हणे म्हणू ना आता?"

शुभदाला हो म्हणायचं होतं. किती दिवस ती याच एका शब्दासाठी भांडत होती! पण दवाखान्यातल्या खाटेशेजारी पांढऱ्या साडीत उभी असलेली, परक्या लेकराला खांद्यावर घेऊन एका रडवेल्या पोरीला तिचं नाव विचारणारी आई तिला दिसली.

"नको," ती म्हणाली. "तू उमाच म्हण. तिनं ते तसंच रचलंय. तिचं नाव गाण्याच्या वर लिहू, सगळ्यांच्या आधी. ओळ मात्र ज्याच्या त्याच्या आईची राहू दे."

मग प्रत्येकानं आपल्या आईचं नाव घालून ती ओळ म्हटली. उमा, मालन, लक्ष्मी. एकाच चालीत.

वर्ग सुटल्यावर शुभदानं चहा ठेवला आणि फोन गजाला टेकवला. कुकरची शिट्टी वाजली. "बंद कर गं तो," आई म्हणाली. बाबांनी डोळे मिटून घेतले होते.

वाचकहो, आपल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये आज कुणाचं तरी गाणं आहे, कुणाचा तरी फोटो आहे, आणि कुणाची तरी इज्जत आहे. गाणं घ्याल तेव्हा ते कुणाचं, हे विचारा; कळलं तर नाव लिहा, नाही कळलं तर नाही कळलं असं लिहा. आणि कुणावर बोट ठेवणारा मजकूर पुढं पाठवण्याआधी निदान एकदा ते गाणं पूर्ण ऐका. कदाचित शेवटच्या ओळीत तुमच्याच आईचं नाव असेल.